तीस टिपाडं, ऐंशी खलाशी

परत आलेलं पुस्तक मी लगेच कपाटात लावत नाही. टेबलावर पाठीवर उभं धरते आणि हात सोडते. ते जिथं आपोआप उघडतं, तिथं वाचक सगळ्यात जास्त रेंगाळलेला असतो. हल्लीची पुस्तकं शिवलेली नसतात, नुसती डिंकावर चिकटवलेली असतात. त्यामुळं कुठला फर्मा, म्हणजे सोळा पानांचा गठ्ठा, सैल झालाय, डिंकाला कुठं चीर गेलीय, कुठल्या पानाला हळदीचं बोट लागलंय, यावरून पुस्तक कुठपर्यंत वाचलं गेलं ते कळतं. अभिप्राय वहीत लोक ‘छान आहे’ एवढंच लिहितात. त्या वहीवर माझा कधीच विश्वास बसला नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी घेतलेली एक भाषांतरित सागरी कादंबरी, आणि वाचन प्रेरणा दिनाला, 15 ऑक्टोबरला, तिच्यावर आमच्या वाचनालयात झालेली चर्चा. कादंबरीचं नाव मुद्दाम देत नाही. अद्भुतकथा आहे. नकाशात नसलेली बेटं, कप्तान म्हणून एक तरुण बाई, ऐंशी खलाशी, आणि जहाजावर एक म्हातारी, जी वारा बोलावते. प्रत्येक वाऱ्यापायी तिची एक आठवण कायमची पुसली जाते.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, वाचनालय सरकारी प्रतवारीत ‘ब’ वर्गाचं. अनुदान दोन हप्त्यांत येतं, तेही उशिरा, म्हणून खरेदीच्या यादीतल्या प्रत्येक नावावर समितीत हरकत निघते. या पुस्तकावर निघालेली हरकत अशी : ‘आपल्याकडं कुठं आलाय समुद्र? हे इथं कोण वाचणार?’ त्याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तेर आमच्या जिल्ह्यातच आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर ही दोन्ही गावं येतात, आणि तगर म्हणजे हेच तेर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. तेरच्या संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती 1938 मध्ये इटलीत, पाँपेईच्या उत्खननात सापडली. ज्या भागाचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्राच्या वाटेला लागत होता, तिथल्या माणसांना समुद्राची गोष्ट परकी का वाटावी? बैठकीत मी एवढं सगळं बोलले, तेव्हा पुस्तक मंजूर झालं.

पुस्तक सगळ्यात आधी नेलं ते चर्चेला बोलावलेल्या वक्त्यांनी. बरेच दिवस ठेवून घेतलं. परत आलं तेव्हा पहिल्या दोन फर्म्यांच्या पुढं डिंकाला चीरही गेलेली नव्हती. दोन फर्मे म्हणजे बत्तीस पानं. कार्यक्रमात ते बराच वेळ बोलले. अशा कादंबऱ्या म्हणजे वास्तवापासून पळ काढणं आहे, मराठवाड्याच्या वाचकानं दुष्काळाचं साहित्य वाचावं, असा त्यांचा सूर. टाळ्या पडल्या. न वाचलेल्या पुस्तकावर बोलणं हा ते वाचून आलेल्यांचा अपमान आहे, मग बोलणारा कितीही विद्वान असो.

नंतर वाचकांची पाळी आली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांनी चिठ्ठीवर कोण कुणाचं कोण ते मांडून घेतलं. ती चिठ्ठी पुस्तकातच राहिली होती आणि त्यांच्यामागच्या वाचकांनी ती उपकार मानून वापरली. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंना कप्तान फार आवडली, पण इतक्या पानांत तिला एकदाही आईची आठवण येत नाही हे त्यांना पटलं नाही. एका पोरानं नकाशावर दोरा धरून अंतर मोजलं होतं. जहाजाचा वेग आठ नॉट, म्हणजे तासाला साधारण 15 किलोमीटर, मग एका रात्रीत एवढं अंतर कसं कापलं, हा त्याचा प्रश्न. या प्रश्नाला कुणाकडंच उत्तर नव्हतं.

मग मागच्या रांगेतून टँकरवाले उठले. आमचे जुने सभासद. एरवी रहस्यकथा नेतात आणि वेळेवर परत आणतात.

“मॅडम, बोलू का? सर म्हणले दुष्काळाचं वाचा. ह्या पुस्तकात दुष्काळच हाय की. पाण्यातला.”

ते पुस्तक त्यांच्याकडून परत आलं, तेव्हापासून ते दहाव्या फर्म्यात उघडायला लागलं होतं, 145 ते 160 या पानांत. जहाजावरचं पिण्याचं पाणी संपत येतं ते हे प्रकरण. समासात पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिलेले होते. तेच आकडे त्यांनी सभेत तोंडपाठ मांडले.

“पिंपं तीस. माप दिलेलं न्हाई, पण कमरेएवढी म्हणलंय, म्हणजे दोनशे लिटरचं टिपाड धरा. सहा हजार लिटर झालं. लहान टँकरची एक खेप. टंचाईत सरकार माणशी वीस लिटर धरतं, ते सोडा. नुसतं पिणं आन शिजवणं, माणशी तीनच लिटर धरा. ऐंशी माणसं, रोजचं 240. विसाव्या दिवशी कप्तान पाणी निम्मं करते. तवर 4800 गेलं, राहिलं 1200. निम्म्यानं दहा दिवस. तिसाव्या दिवशी टिपाडं कोरडी. आन हे बेटाला लागतेत एक्केचाळिसाव्या दिवशी, वर दोन पिंपं शिल्लक!”

लोक हसले, पण ते हसत नव्हते. 2016 च्या उन्हाळ्यात त्यांनी टँकरच्या खेपा केल्या आहेत. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्याआधी लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावावं लागलं होतं. त्यांचा खरा आक्षेप आकड्यांच्या पुढचा होता. “पाणी निम्मं केलं तरी ह्या जहाजावर पिंपाला कुलूप न्हाई, राखण न्हाई, कुणी रात्री उठून तांब्या बुडवत न्हाई. मी टँकरची तोटी सोडायच्या आधी नळी धरायला माणसं एकमेकांच्या अंगावर जायची. भली माणसं होती ती, रोजच्या ओळखीची. देवमासा बोलतो हे मी मानलं. पण तहानलेलं माणूस असं शांत बसतं हे कसं मानू? आन वारा बोलावणारी म्हातारी हाय ना जहाजावर, मग तिला पाऊस का बोलवाय लावत न्हाईत?”

यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली. हातात पुस्तक नव्हतं तरी तिला पान पाठ होतं. “काका, पान 97 बघा. जो वारा तिच्या अंगाला लागून गेलाय, तोच तिला बोलावता येतो. तिच्या बेटावर पाऊस पडतच नाही. तिनं पाऊस बघितलेलाच नाही.”

मी पुस्तक उघडून 97 वं पान मोठ्यानं वाचलं. मुलीचं खरं निघालं. टँकरवाल्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, ऐकलं आणि म्हणाले, “बरं, मानलं. पण हे तहान लागायच्या पन्नास पानं आधी सांगून काय उपयोग? टिपाडं कोरडी पडल्यावर कुणीतरी म्हातारीला इचारायचं, आन तिनं तवा सांगायचं, की पाऊस म्हंजे काय ते मला ठावं न्हाई.”

मुलगी थोडा विचार करून म्हणाली, “तसं केलं असतं तर मी रडले असते.”

माझ्या या नोकरीत पुस्तकावर इतकं नेमकं बोलणं मी दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही. कथेत कुठली गोष्ट कधी सांगावी हे त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं. वक्ते तोवर दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले होते, याची मला आजही चुटपुट लागते.

मागाहून समितीपुढं निराळाच विषय आला. ग्रंथावर लिहिणं नियमात बसत नाही. दंड घ्या आणि तपासणीच्या आधी पेन्सिल खोडून टाका, असं सांगण्यात आलं. नियम मला मान्य आहे. पुस्तकात फोन नंबर लिहिणाऱ्यांकडून आणि पाकक्रियेची पानं फाडून नेणाऱ्यांकडून मी कधीही हयगय न करता दंड घेतलाय. टँकरवाल्यांनीही कुरकूर न करता भरला. पण खोडरबर हातात घेऊन मी ती पानं पुन्हा वाचली आणि आकड्यांना हात लावला नाही. तारीखपत्रिका जवळपास भरलीय. नंतरच्या वाचकांनी ते आकडे वाचलेत, कुणीतरी ‘माणशी दोन लिटर धरले तर?’ असं खाली लिहिलंय आणि नवा हिशोबही मांडलाय. म्हणजे विसाव्या दिवशी निम्मं केल्यावर पाणी 55 दिवस पुरतं. मग बेटाला लागताना दोन नव्हे, पाच-सहा पिंपं शिल्लक.

हे सगळं खोडलं तर मी नेमकं काय जपलं? आणि ठेवलं तर उद्या प्रत्येक पुस्तकाच्या समासात लिहायची मुभा दिली असं होतं का? दोन्ही बाजू मला दिसतात. दुसरी प्रत घ्यावी आणि ही संदर्भ विभागात ठेवावी असा अर्ज मी समितीकडं दिलाय, अजून तो विषयपत्रिकेवर आलेला नाही.

मुलीचा आणि टँकरवाल्यांचा वाद मी माझ्यापुरता सोडवून पाहिला. म्हातारीच्या बाबतीत लेखकानं नियम पाळलाय, मुलगी बरोबर आहे. कुलुपाचा आणि तहानेचा मुद्दा मात्र कुठल्याही पानावर सुटत नाही. तसं मी प्रकाशकाला सविस्तर पत्र लिहून कळवलंय, सोबत समासातला सगळा हिशोब उतरवून दिलाय, आणि दुसरा भाग मराठीत कधी येणार तेही विचारलंय. टँकरवाले दर आठवड्याला त्याची चौकशी करून जातात.