सव्वादोन किलोचा केक आणि नाझी हेर

काल रात्री आईला सोबत घेऊन 'मिनिस्ट्री ऑफ फिअर' बघितला, मी तिसऱ्यांदा, ती पहिल्यांदा. हेरगिरीचा पिक्चर आहे सांगून बसवलं होतं, त्यामुळे पंधरा मिनिटांनी प्रश्न आलाच, "अरे यात हेर कुठायत, हा तर नुसता केक घेऊन फिरतोय!"

तीच तर मजा आहे. १९४४चा, दिग्दर्शक फ्रिट्झ लँगचा पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट, दीड तासाच्या आत संपतो. सुरुवातीला अंधाऱ्या खोलीत घड्याळाचा लंबक हलतोय आणि नायक रे मिलंड त्याच्याकडे बघत बसलाय, सहा कधी वाजतात म्हणून. सहाला तो मनोरुग्णालयातून सुटतो, लंडनच्या गाडीला वेळ असतो म्हणून शेजारी युद्धनिधीसाठी आनंदमेळा चाललाय तिथे डोकावतो, आणि भविष्य सांगणाऱ्या बाईला सहज म्हणतो की भूतकाळ राहू दे, पुढचं सांग. झालं, नेमका तोच परवलीचा शब्द निघतो! बाई बिचारी समजते की आपलाच माणूस, म्हंजे नाझी हेर, आला, आणि 'वजन ओळखा आणि केक जिंका' वाल्या स्टॉलचं उत्तर त्याला सांगून मोकळी होते: ४ पौंड साडेपंधरा औंस. (मी हिशोब केला, साधारण सव्वादोन किलो.) हा पठ्ठ्या केक जिंकतो, खऱ्या अंड्यांचा, म्हंजे ज्या इंग्लंडमध्ये तेव्हा रेशनवर माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडं मिळायचं तिथे हे केवढं मोठं बक्षीस.

मग ट्रेनमधला सीन. डब्यात एक आंधळा माणूस येऊन बसतो, हा चांगुलपणाने त्याला केकचा तुकडा देतो, आणि तो माणूस खायच्या ऐवजी बोटांनी कुस्करत बसतो. कुस्करतोय, चाचपतोय, परत कुस्करतोय. संवाद जवळजवळ नाहीच, नुसती बोटं. माझ्या पोटात दर वेळी गोळा येतो इथे. आईचं मात्र वेगळंच, "मेल्याने चांगल्या केकचा चिवडा केला!"

लँग हा माणूस १९३३मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून निघालेला, त्यामुळे भीती म्हंजे काय ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. इथे तो भीती घरगुती वस्तूंत भरून ठेवतो. केक, पुस्तकांची बॅग, नवीन शिवलेला सूट. डॅन ड्युरिआ शिंपी झालाय, हातात ही एवढी लांब कात्री, आणि तो त्या कात्रीच्या टोकाने फोनचा नंबर फिरवतो! एवढंच करतो, पण त्या कात्रीचं पुढे काहीतरी होणार हे कळून चुकतं.

गोष्ट ग्रॅहम ग्रीनच्या कादंबरीची, त्याने ती ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी आफ्रिकेतल्या फ्रीटाउनला काम करताना लिहिली. पिक्चर त्याला आवडला नव्हता आणि मला त्याचं पटतं. पुस्तकातल्या नायकाने आजारी बायकोचे हाल बघवेनात म्हणून तिला स्वतःच्या हाताने विष दिलेलं असतं आणि ते ओझं घेऊन तो जगत असतो, इथे तिने स्वतःच घेतलं असं करून टाकलंय, हॉलिवूडच्या सेन्सॉरला खुनी हिरो कसा चालणार. नायकच अर्धा पोकळ झाला राव. शिवाय मधे स्कॉटलंड यार्डवाले येऊन समजावून सांगायला लागतात तेव्हा मी चहा टाकून आलो, काही चुकलं नाही.

पण शेवटाकडे एक गोळी सुटते त्याला तोड नाही. (ज्यांना बघायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

खलनायक खोलीतला दिवा घालवून बाहेर सटकतो, दार बंद, पडदा पूर्ण काळा. नायिका त्या काळोखातच गोळी झाडते आणि दाराला पडलेल्या भोकातून उजेडाचा एक ठिपका दिसतो. फक्त ठिपका! कोण मेलं, मेलं की नाही, सगळं त्या ठिपक्याकडे बघून आपणच ठरवायचं. आई इथे गप्प होती.

आणि एवढं झाल्यावर शेवटी नायक-नायिका गाडीतून चाललेत, ती लग्नाच्या केकचा विषय काढते आणि हा दचकतो. तेव्हा आई जी हसली!