दोन हात, दोन वेगळ्या नसा

सांगलीच्या खणभागात माझं ब्लाउज शिवायचं काम चालतं. लग्नसराईत रात्री हात बधीर होऊन जाग यायला लागली. झटकला की बरं वाटायचं. कुणी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या सुचवल्या, कुणी मानेचा एक्स-रे. शेवटी मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी आधी विचारलं, "ताई, नेमकी कुठली बोटं?" उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट. डाव्या हाताची करंगळी. मग डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा फिरवला. उजव्या अनामिकेची मधल्या बोटाकडची कड बधीर, करंगळीकडची कड अगदी शाबूत! एकाच बोटाच्या दोन कडांना दोन वेगळ्या नसा असतात, हे मला तिथे कळलं. दुखणं मानेतलं असेल तर सहसा बोट असं मधोमध विभागलं जात नाही, असं ते म्हणाले. तरी मान वळवून, दाबून बघितलीच.

मग दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली सोडून मिनिटभर धरायला सांगितलं. मिनिट भरायच्या आतच उजव्या अंगठ्यात मुंग्या सुरू. मनगटावर अंगठा दाबून धरला, तेव्हाही तेच. डाव्या हाताचं मनगट मात्र गप्प. तिथे कोपर पूर्ण दुमडून ठेवल्यावर करंगळी झिणझिणली, आणि कोपराच्या आतल्या हाडामागे टिचकी मारल्यावर तर सणकच गेली. हेमिंग करताना मी तेच कोपर टेबलावर टेकवते.

ताकदही बघितली. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायचा, ते ओढणार. करंगळीकडची नस कमजोर असेल तर अंगठ्याचं पेर आपोआप वाकतं. माझं सरळ राहिलं. अंगठ्याखालचा उंचवटाही दोन्हीकडे सारखा भरला. हे ऐकून जीव भांड्यात पडला, माझं पोट याच हातांवर आहे.

नंतर नसांची करंटची तपासणी, साखर आणि थायरॉईडही झालं. करंटच्या तपासणीतही नसा त्याच दोन ठिकाणी दबलेल्या निघाल्या. सध्या रात्री उजव्या मनगटाला सरळ ठेवणारा पट्टा, डाव्या कोपराला सैलसर गुंडाळलेला टॉवेल. उंचवटा बसायला लागला किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या तर लगेच यायचं, असं बजावलंय.

तुम्ही जाणार असाल तर आधी काही रात्री मुंग्या कुठल्या बोटाला, कुठल्या कडेला, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.