आमची वाटचाल : एकाच जागी आलेले नाक

नाशिकच्या सराफ बाजाराला लागून असलेल्या एका अरुंद गाळ्यात 1988 साली आमची जुन्या नाण्यांची पेढी सुरू झाली. दहापटीचे एक भिंग, एक सराफी तराजू आणि गोदावरीच्या पात्रातला गाळ धुणाऱ्या झारेकऱ्यांशी वडिलांपासून चालत आलेली ओळख, एवढेच माझे भांडवल होते. माझे भागीदार अण्णा पिढीजात सराफ होते. धातू त्यांनी पाहायचा आणि लिपी व चिन्हे मी पाहायची, अशी आमची वाटणी ठरली होती, आणि पंधरा वर्षे तिने आम्हांला कधी दगा दिला नाही.

आमच्या भागात नहपान या शक क्षत्रप राजाच्या नाण्यांचे मोल वेगळे का, हे जाणकारांना सांगायला नको. 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे त्याच्या चांदीच्या नाण्यांचा जो साठा सापडला, त्यात 13 हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूला चैत्य, म्हणजे कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे चार टोकांना चार वर्तुळे असलेली फुली, आणि त्यांच्या आडून डोकावणारा पराभूत क्षत्रपाचा चेहरा किंवा तुटक अक्षरे, असे ते नाणे हातात घेतले की इतिहास वाचावा लागत नाही, तो दिसतो.

2003 साली याच बाजारातल्या एका व्यापाऱ्याने अशी साठ नाणी आमच्यापुढे ठेवली आणि ती एका जुन्या घराण्याच्या संग्रहातली असल्याचे सांगितले. अण्णांनी कसोटीवर घासून पाहिले, चांदी उत्तम निघाली. वजनही प्रत्येकी दोन ग्रॅमच्या थोडे वर, म्हणजे असायला हवे तेवढेच भरले. बाजारातलाच माणूस म्हणून आम्ही पावती मागितली नाही. रक्कम उभी करण्यासाठी मी गाळा गहाण ठेवला, आणि चार महिन्यांत एकेचाळीस नाणी आमच्या पावतीवर विकली गेली.

सिन्नरचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक दर महिन्याला एसटीने येत आणि पेन्शनमधून एकच नाणे घेऊन जात. त्या वर्षी श्रावणात ते आले, आधी नेलेले नाणे खिशातून काढून त्यांनी आमच्या ट्रेमधल्या एका नाण्याशेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “शेठ, दोन्हींवर नहपानाचे नाक त्या वर्तुळाच्या शेजारी एकाच जागी कसे आले?”

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. जुन्या नाण्यावर नवा ठसा हाताने मारताना ते ऐरणीवर कसे पडेल याला काही नियम नसतो, त्यामुळे खालचे चित्र दर वेळी वेगळ्या कोनात आणि वेगळ्या जागी उरते. दोन नाण्यांवर तोच अवशेष त्याच जागी दिसला, तर ती दोन्ही एकाच नाण्यावरून काढलेल्या साच्यातली असतात. मग भिंगातून बाकीचेही दिसू लागले : अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे, कडेवर कानशीने घासलेली शिवण. हातोड्याच्या घावाने कडेला पडलेली खरी भेग तीक्ष्ण असते आणि धातूत खोल जाते. इथली भेग उथळ होती आणि तिचे ओठ गोल होते. झिजलेली जुनी नाणी वितळवूनच ती ओतलेली असावीत, म्हणून कसोटी फसली. चांदी खरी म्हणून नाणे खरे ठरत नाही, हे आम्ही घर गहाण पडण्याच्या बेतात आल्यावर शिकलो.

त्या व्यापाऱ्याने, नाणी आम्हीच बदलली, असे बाजारभर सांगितले, आणि पावती नसल्यामुळे आम्हांला तोंड उघडता आले नाही. आज त्याचे दुकान आमच्या गाळ्याच्या तिप्पट आहे, आणि हे मला अजून सलते. आम्ही मात्र एकेचाळीस ग्राहकांना पत्रे लिहून पैसे परत देऊ केले. अण्णांनी घरातले सोने मोडले आणि त्याबद्दल अखेरपर्यंत एक शब्द काढला नाही. गुरुजी पुढच्या महिन्यातही आले आणि त्यांनी नाणे विकत घेतले. त्या महिन्यातले ते आमचे एकमेव गिऱ्हाईक होते. पुढे पेढी सावरली आणि आता मुलगा बसतो.

नव्या संग्राहकांना माझे सांगणे आहे की विकत घेण्याआधी खरी नाणी भरपूर पाहावीत. त्यासाठी अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आपल्या जवळ आहे. नाणे चिंच-लिंबाने घासू नये, कारण त्याने पृष्ठभागावरचा पुरावाच धुऊन जातो. विकणारा सख्खा भाऊ असला तरी पावती घ्यावी.

एकेचाळीसपैकी एकोणचाळीस नाणी परत आली. उरलेल्या दोन ग्राहकांचे पत्ते बदलले होते आणि पत्रे परत आली. उज्जयिनी चिन्हाच्या एका वर्तुळाला चिकटून नाकाचा शेंडा दिसणारे नहपानाचे नाणे 2003 साली आमच्याकडून कोणी घेतले असेल, तर ते घेऊन यावे. पावती हरवली असली तरी पूर्ण रक्कम मिळेल.