अस्वलाची घंटा

१४ ऑगस्ट. वाकोतो, कुश्शारो सरोवर. रात्रीचे साडेआठ.

तंबूत पालथी पडून लिहितेय. मांड्यांचा नुसता भुगा झालाय.

पहाटे साडेचारलाच उजाडलं. अख्ख्या जपानचं घड्याळ एक आणि उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचं हे टोक पार पूर्वेला, त्यामुळे उन्हाळ्यात इथला सूर्य दूधवाल्याच्याही आधी हजर. साडेपाचला अबाशिरी सरोवराच्या काठावरून निघाले.

ओबोनच्या सुट्टीत एकटी सायकलवर चाललेय म्हटल्यावर टोकियोच्या ऑफिसात प्रत्येकाने एकच विचारलं होतं, "अस्वलाचं काय?" म्हणून हँडलला पितळी घंटा बांधलीय. इथलं तपकिरी अस्वल, हिगुमा, माणसाची चाहूल लागली की सहसा स्वतःच वाट बदलतं म्हणे. अचानक समोरासमोर आलं तर मात्र पंचाईत. सपाटीवर ही घंटा नुसती किणकिणते. चढाला वेग ताशी सात किलोमीटरवर आला, की थेट आजोळच्या बैलगाडीचा ठेका धरते. फरक एवढाच की बैलही मीच आणि गाडीवानही मीच.

बिहोरोपर्यंत मजेत आले. बटाट्याची, बीटची शेतं, आणि रस्त्यावर डोक्याच्या वर लटकणारे लाल-पांढरे बाण. हिवाळ्यात बर्फाखाली रस्त्याची कड हरवते, ती बर्फ हटवणाऱ्या गाड्यांना कळावी म्हणून ते बाण. आज ३१ अंशात त्यांच्याकडे बघून हसूच आलं. होक्काइदो म्हणजे गारेगार, ही समजूत घरीच ठेवून यावी. इथून जवळच्या सारोमात २०१९ साली पारा ३९.५ वर गेला होता, तोही मे महिन्यात!

गावातल्या सेइकोमार्ट दुकानातून दोन ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेतल्या आणि पाणी मात्र दोनच बाटल्या. वजन वाचवायला. हा शहाणपणा पुढे चांगलाच भोवला. आज ओलांडायची बिहोरो खिंड तिथून साधारण २५ किलोमीटर. अर्ध्यातच दोन्ही बाटल्या संपल्या, आणि रस्त्याशेजारून ओढा खळाळत चाललेला. बिहोरो हे नाव ऐनू या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या 'पिपोरो'वरून आलंय, पुष्कळ पाणी असलेली जागा. त्या पुष्कळ पाण्याकडे बघत मी कोरड्या घशाने पायडल मारत होते. कारण इथल्या कोल्ह्यांच्या विष्ठेतून एकिनोकॉकस नावाच्या जंताची अंडी पाण्यात उतरतात. पोटात गेली तर वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतात. ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. स्टोव्ह होता, पण पिशवीच्या तळाशी. आणि थांबले की गोमाश्या. खरं तर न थांबताही गोमाश्याच, ताशी सात किलोमीटर हा त्यांचा रमतगमत फिरायचा वेग असावा. एकीने शॉर्ट्सच्या कडेशी असा चावा काढला की रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत आला. घंटेला त्या काही दाद देत नाहीत.

खिंड ४९३ मीटरवर. सह्याद्रीतल्या माणसाने आकडा ऐकून हसावं. मी वर पोचून आधी मशीनमधून गार बार्लीचा चहा काढला, उभ्याउभ्या संपवला, दुसरा काढला आणि मग समोर पाहिलं. बुटक्या बांबूने मऊ झालेले उतार, आणि खाली सबंध कुश्शारो. ज्वालामुखीच्या खचलेल्या पोटात साठलेलं पाणी, अशा सरोवरांत जपानमधलं सर्वांत मोठं. मध्ये नाकाजिमा बेट. कुश्शारोचं मूळ ऐनू नावही गमतीचं आहे. अर्थ घसा, सरोवरातून नदी बाहेर पडते ती जागा. आज सगळा कारभार घशाचाच होता.

वरच्या थांब्यावर आगेइमो मिळतो. अख्खे उकडलेले बटाटे पिठात बुडवून तळायचे आणि काडीला टोचायचे. बटाटेवडाच की हा, म्हणून मोठा घास घेतला तर आवरण गोड! दोन मिनिटं गप्प बसले. मग पिशवीतून लसणीच्या चटणीची डबी काढली आणि वर भुरभुरली. शेजारच्या मोटरसायकलवाल्या काकांनी वाकून पाहिलं, चिमूटभर मागून घेतली. त्यांचे कान लाल झाले, पण "उमाइ", म्हणजे चवदार, म्हणाले. परत मागितली नाही.

उताराबद्दल लिहायला काही नाही, ब्रेक धरून बोटं आखडली.

वाकोतोची जमीन आतून कोमट आहे, त्यामुळे मिनमिन-झेमी हा सिकाडा, म्हणजे झाडावर किरकिरणारा किडा, इतक्या उत्तरेला तग धरून आहे. जपानमधलं त्याचं हे उत्तरेचं टोक. संध्याकाळी झाडीतून त्याचं मीऽन-मीऽन आलं आणि टोकियोची गल्ली आठवली. काठावरच्या उघड्या गरम कुंडात स्त्री-पुरुष एकत्रच उतरतात. माझं धाडस गुडघ्यापर्यंतच गेलं. तळ शेवाळाने बुळबुळीत. गळ्यापर्यंत बुडालेल्या एक आजी म्हणाल्या, "पायच दमलेत ना, मग पुरे तेवढं."

जेवायला पिठलं आणि पाकिटातला भात. पिठल्यात गुठळ्या.

घंटा आता मोज्यात गुंडाळलीय, शेजाऱ्यांची झोपमोड नको. मघाशी पलीकडच्या तंबूतले आजोबा मुद्दाम उठून आले. म्हटलं, आलं अस्वलाचं. तर माझ्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "चपला आत घ्या. कोल्हा नेतो."

घेतल्या. दोन्ही उशाशी आहेत, वास मारताहेत. बाहेर काहीतरी हलक्या पावलांनी आलंय, पिठल्याच्या पातेल्यापाशी.