फरी नसलेला हात

गेल्या पितृपंधरवड्यात आमच्या वर्गाच्या वार्षिक परीक्षेत एका मुलाचा हात मोडला. मुलगा एकोणीस वर्षांचा, माझ्याकडे तीन वर्षे शिकणारा आणि वर्गात सर्वांत कसलेला. जिच्या काठीने हात मोडला त्या मुलीने नियमाबाहेरचे काहीही केले नव्हते. महिना उलटून गेला तरी माझा हिशेब लागत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

नांदेडला मी जी युद्धकला शिकवतो ती अनेक ठिकाणची आहे. पडणे आणि लोळणे ज्यूदोचे, कोपर आणि गुडघे थायलंडच्या मुए थाईचे, काठी फिलिपिन्सच्या एस्क्रिमाची, अंग मोकळे करण्याच्या लाथा केरळच्या कळरीपयट्टूच्या आणि पायांचे पैंतरे आपल्या मर्दानी खेळांचे. या मिश्रणाला नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगतो की ज्या ज्यूदोला ते शुद्ध मानतात तोही जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुजुत्सूच्या वेगवेगळ्या घराण्यांतले वेचून उभा केला होता. हे उत्तर मी इतक्या वेळा दिले आहे की वेचताना मागे काय राहते, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

परीक्षा आम्ही मंगल कार्यालयात घेतो, आणि पितृपंधरवड्यातच घेतो, कारण त्या दिवसांत लग्ने नसतात आणि भाडे निम्म्यावर येते. पत्र्याखाली उकाडा असतो, गाद्या घामाने निसरड्या होतात, पण एवढी मोठी जागा आम्हांला एरवी परवडत नाही.

परीक्षेची तयारी म्हणजे कसरती, असे पालकांना वाटते. माझा निम्मा वेळ काठ्यांवर जातो. एस्क्रिमाची काठी सुमारे अठ्ठावीस इंचांची आणि वेताची असते. वेत आतून भरीव असतो, त्यामुळे तो मार खाऊन तंतूतंतूने पिंजत जातो. बांबू पोकळ असल्यामुळे एकदम फुटतो आणि त्याची लांब सळी समोरच्याच्या डोळ्यापर्यंत जाऊ शकते. आमच्या भागात चांगला वेत मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो, आणि म्हणून कित्येक वर्गांत नळाच्या प्लॅस्टिक पाइपवर किंवा झाडूच्या दांड्यावर काम भागवतात, ज्याला मी शिकवणे म्हणायला तयार नाही. प्रत्येक काठीला मी स्वतः चिकटपट्टी गुंडाळतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री एकेक काठी दुसरीवर आपटून ऐकतो. धड वेताचा आवाज टणक येतो. आतून पिंजलेल्या वेताचा आवाज बसका, ओला येतो. तशी काठी मी लगेच बाजूला काढतो. हा कान तयार व्हायला मला पाच-सहा वर्षे लागली आणि त्याचा मला अभिमान आहे.

सकाळचे टप्पे नेहमीसारखे झाले. दोन काठ्या विणल्यासारख्या एकमेकींखालून फिरवायच्या सिनावलीत तर मुलांनी मन प्रसन्न केले. हे नाव फिलिपिन्सच्या विणलेल्या तट्टीवरून आले आहे. आमच्याकडे बैलगाडीला तट्ट्या लावत असत, त्यांची वीण मुलांना एकदा दाखवली की कोणती काठी कोणाखालून जाते हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी मोकळा सामना होता : एक काठी, दोन मिनिटे, डोक्याला शिरस्त्राण, हातांत मोजे. मनगट ते कोपर या भागाला कवच नव्हते. संस्थेच्या यादीत ते नाही, आणि मीही ते कधी मागितले नव्हते.

सामना सुरू होऊन अर्धे मिनिट झाले असेल. मुलगा डावा हात पुढे लांबवून, मूठ खांद्याच्या रेषेत धरून पैंतरा घेत आत शिरला. मुलीने अर्धे पाऊल मागे घेतले आणि पुढे आलेल्या त्या हातावर तिरपा वार केला. बसका, ओला आवाज आला. माझे लक्ष पहिल्यांदा तिच्या काठीकडे गेले. काठी धड होती.

रुग्णालयात नोंद घेणाऱ्याने विचारले, ‘मारामारी आहे का? पोलिसांत कळवायचे का?’ मी ओळखपत्र दाखवले, परीक्षेचे पत्रक दाखवले, तरी त्याच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूचे हाड मधोमध तडकले होते, पण जागेवरून सरकले नव्हते. अशा मोडीला नाइटस्टिक फ्रॅक्चर म्हणतात, ते नाव पोलिसांच्या दंडुक्यावरून पडले आहे, आणि वार अडवायला हात वर करणाऱ्याचे नेमके हेच हाड मोडते, असे त्यांनी सांगितले. प्लास्टर घातले आणि दीड-दोन महिने हात जपायला सांगितले.

मी परत आलो तेव्हा मोठ्या शहरातून आलेल्या परीक्षकांनी पत्रक भरून ठेवले होते. मुलीला अचूकतेचे पूर्ण गुण होते. मुलाच्या ‘रक्षण’ या रकान्यात शून्य होते आणि पुढे शेरा होता : डावा हात उघडा. पत्रकाप्रमाणे ते बरोबर होते. दिवसभर त्यांचे अर्धे लक्ष फोनमध्ये होते, तरी एवढे त्यांना दिसले. मला तीन वर्षांत ते दिसले नव्हते, किंवा दिसले होते आणि आवडले होते.

संध्याकाळी मुलाचे वडील भेटले. होला मोहल्ला या शिखांच्या सणाला नांदेडच्या हजूर साहिब तख्ताची हल्लाबोलाची मिरवणूक निघते, तिच्यात ते तरुणपणापासून गतका हा शिखांचा शस्त्रखेळ खेळत आले आहेत, आणि मुलगाही माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांच्याच हाताखाली खेळलेला. ते रागावले नाहीत. कोणीतरी फोनवर काढलेले सामन्याचे चित्रण त्यांनी दोनदा पाहिले आणि विचारले, ‘सर, याची फरी कुठे आहे?’

आमच्या अभ्यासक्रमात फरी नाही, रस्त्यात कोणी ढाल घेऊन फिरत नाही, असे मी म्हणालो. हे वाक्य मी शिबिरांतही म्हणतो आणि तेथे लोक माना डोलावतात.

‘मग हा हात कशाला पुढे ठेवलाय?’ ते म्हणाले.

फरी म्हणजे गतक्यात डाव्या हाती धरायची लहान गोल ढाल. आपल्या जुन्या आखाड्यांतला फरीगदगा याच कुळातला. एवढ्या लहान ढालीने अख्खे अंग कसे झाकणार, तर हात पुढे लांबवून. ती देहापासून जितकी दूर, तितका तिच्या मागचा आडोसा मोठा. म्हणून त्या खेळात डावा हात आधी जातो, वार झेलतो आणि उजवा हात मागून येतो. एस्क्रिमात मात्र काठीच्या जोडीला डाव्या हातात खंजीर असतो किंवा काहीच नसते, म्हणून तो हात छातीशी राहतो. आणि त्याच कलेचा पहिला धडा असा की समोरच्याच्या अंगाला नव्हे, जो हात जवळ येईल त्याला मारायचे, ज्याला ते सापाचे दात काढणे म्हणतात. म्हणजे एका मुलाला मी ढालीशिवाय ढालीचा हात पुढे करू दिला आणि त्याच गादीवर दुसऱ्या मुलीला तोच हात फोडायला शिकवले. दोघांनी आपापला धडा बिनचूक म्हटला.

मी मर्दानी खेळांचे पैंतरे उचलले, कारण पायांची ती चाल दुसरीकडे इतकी सुंदर नाही. पण त्या पायांवर जो हात होता आणि त्या हातात जे होते, त्याचा विचार केला नाही. कळरीचेही तेच. तेथे आधी शरीर घडवतात, मग लाकडी शस्त्रे देतात, मग धातूची, आणि रिकाम्या हाताचे शिक्षण सर्वांत शेवटी येते. मी तिच्या लाथा सकाळच्या व्यायामाला घेतल्या आणि रिकामा हात पहिल्याच महिन्यात शिकवायला घेतला, कारण सात दिवसांत स्वसंरक्षण हवे असणाऱ्या शाळा आठ मार्चच्या आधी तेवढेच मागतात. त्याच शाळांतल्या प्रात्यक्षिकांत मी या मुलाला नेहमी पुढे उभे केले. त्याचा तो लांबवलेला डावा हात फोटोत फार देखणा दिसतो. आमच्या माहितीपत्रकावर तोच फोटो आहे.

संस्थेने अपघाताचा अहवाल मागितला आहे. त्यात ‘कारण’ या शब्दापुढे एका ओळीची जागा आहे. मी ‘रक्षणातील चूक’ असे लिहिले होते, ते खोडले. मुलगी तेव्हापासून वर्गात येते, पण सामन्याला उभी राहत नाही; तिने नियमाप्रमाणेच वार केला हे मी तिला तीनदा सांगितले, आणि त्याने तिचे समाधान होत नाही.

काल मुलाचा फोन आला. पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघणार आहे. ‘सर, वर्गाला येताना फरी आणू का?’ असे त्याने विचारले. मी आण म्हणालो. आता फरीगदग्याचा जाणकार शोधतो आहे. कोपराखालच्या कवचांच्या बारा जोड्यांची मागणीही नोंदवली आहे, पैसे मुलांकडून घ्यायचे नाहीत असे ठरवून. अहवालातली ती ओळ अजून कोरीच आहे.