कळलावीचे चित्र आणि दापोडीचा अनाम चित्रकार

वनस्पतिचित्र म्हणजे फुलाचे देखणे चित्र, असा समज सर्रास आढळतो. माझ्या मते मात्र या चित्राचा कस लागतो तो सांध्यांवर: फूल देठाला, देठ खोडाला आणि पान फांदीला नेमके कुठे व कोणत्या कोनात जोडलेले आहे, हे दिसलेच पाहिजे.

कळलावी हे शिकवते. पावसाळ्यात कुंपणांवर चढणाऱ्या या वेलीच्या पानाचे टोकच लांबत जाऊन गुंडाळते आणि शेजारच्या काडीला धरते. फुलाच्या सहाही नागमोडी पाकळ्या मागे वळतात, सहा पुंकेसर चहूकडे फाकतात, आणि फुलाच्या मध्यातल्या अंडाशयातून निघणारा बारीक दांडा, म्हणजे कुक्षिवृंत, तळाशीच जवळजवळ काटकोनात आडवा वळतो. हे वळण चुकले, तर रंग कितीही साधला तरी ते चित्र कळलावीचे होत नाही. म्हणून मी कंपासने मापे घेऊन, टणक पेन्सिलीने, फूल आहे त्याच आकाराचे आधी रेखून घेते. (वेल विषारी आहे, कंद तर विशेषच, हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.)

रंगाची घाई वेगळी असते, कारण फूल हिरवट उमलते, पिवळे होते आणि पुढे सबंध लाल पडते. गुळगुळीत कागदावर आधी पिवळ्याचा पातळ हात द्यायचा, तो ओला असतानाच टोकाकडून लाल सोडायचा आणि पाकळीची कड पिवळीच राखायची. पांढरा रंग मी वापरत नाही; चमक हवी तिथे कागद कोरा सोडते. ट्यूबमधला तयार हिरवा फार भडक दिसतो, म्हणून त्यात फुलातल्याच लालाचा थेंब मिसळते, आणि मग पान व फूल एकाच वेलीचे वाटू लागते.

१८४७ ते १८५० या काळात पुण्याजवळच्या दापुरीत, म्हणजे आजच्या दापोडीत, तिथल्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून जलरंगात अशीच चित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेली आहेत. ज्याच्या हाताने ती उतरली त्याचे नाव मात्र कुणी नोंदवले नाही, याचे मला फार वाईट वाटते. वनस्पतीचे नाव जपायचे आणि तिच्याकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाचे विसरायचे, हा अन्याय आहे.

छायाचित्र हाताशी असताना हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. छायाचित्रात त्या दिवशीचे ते एक फूल येते. माझ्या कागदावर एकाच फांदीवर हिरवी कळी, पिवळे-तांबडे फूल आणि पूर्ण लाल झालेले फूल सारख्याच स्पष्टपणे येतात, आणि खाली कोपऱ्यात अंडाशयाचा आडवा छेद, त्याचे तीनही कप्पे मोजता येतील इतका मोठा करून काढलेला असतो.