साडेतीन फूट

९ जुलै, बुधवार, रात्री

आमची मांजर पिठी अजून जिवंत आहे, आणि मी आज तिच्यासाठी जागा बघून आले. लिहितानाही कसंतरी होतंय. ती आत वॉशिंग मशीनवर झोपली आहे, नेहमीसारखी, आणि मी दुपारी ऑफिसातून लवकर निघून पर्समध्ये खुरपं घालून वेताळ टेकडी चढले.

टेकडीवर पुरायचं हे डोक्यात कुठून आलं कोण जाणे. मोकळी हवा, मोर ओरडतात, वगैरे. प्रत्यक्षात ग्लिरिसिडियाच्या झाडीत शिरून खुरपं मारलं तर चार बोटांवर खण्ण. वर थोडा मुरूम, खाली सरळ काळा पाषाण. जिथे दगडाची खाण होती तिथे खोल खड्डा करायला मी निघाले होते, ते खुरप्याने. शिवाय जमीन वन खात्याची, आणि दहा पावलांवर चार कुत्री बसून माझ्याकडे बघतायत. फिरायला आलेले एक आजोबा थांबले. "रोप लावताय का?" म्हटलं, हो. "कसलं?" तिथे गाडी अडली. मी बकुळीचं म्हणाले, तोंडाला आलं ते. "इथे नाही टिकायची," म्हणून ते पुढे गेले.

डॉक्टर म्हणतात आता दिवस मोजायचे. किडनी गेली आहे, क्रिएटिनिन नऊच्या वर गेलंय. गेले चार महिने मी रोज रात्री तिला घरीच सलाईन देते, कातडीखाली. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची, शंभर मिली जाईपर्यंत आईने तिचं कपाळ खाजवायचं. पाठीवर पाण्याचं मऊ टेंगूळ येतं आणि अर्ध्या तासात ते पुढच्या पायाकडे उतरतं. मग ती जरा वेळ एका बाजूला जड चालते, पाणी भरलेल्या पखालीसारखी. आधी यावर आम्ही हसायचो. हल्ली टेंगूळ सकाळपर्यंत तसंच राहतं.

पाच किलोची होती, आता सव्वादोन. वय पंधरा. डॉक्टरांच्या भिंतीवर तक्ता आहे, त्यात मांजराची पंधरा म्हणजे माणसाची शहात्तर. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहानच की." आणि उठून तिच्या वाटीतलं पाणी बदलून आली.

१२ जुलै, शनिवार

आज सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर सल्ल्यांचा पाऊस. मी कुणाला विचारलं नव्हतं, आईने जिन्यात एकीला सांगितलं, एवढं पुरलं. तळमजल्यावरचे म्हणतात महापालिकेच्या आरोग्य कोठीवर फोन करा, गाडी येऊन घेऊन जाते. समोरच्या बिल्डिंगमधल्या कुत्रेवाल्यांनी दाहिनीचे नंबर पाठवले. महापालिकेची आहे, खासगीही आहेत. दाहिनीला नावं ठेवावीत असं काही नाही. उद्या कुणी विचारलं तर मीच सांगेन, सगळ्यात स्वच्छ मार्ग तो. पण बाबांच्या वेळी वैकुंठ स्मशानभूमीतून दुसऱ्या दिवशी जे गाठोडं हातात मिळालं होतं, त्याचं वजन अजून हाताला आठवतं. आणखी एक नको.

वन्सं म्हणाल्या, सासवडला आमच्या शेतात आणा, अंजिराखाली जागा देते. प्रेमाने म्हणाल्या. पण पिठी जन्मात एकदाच सासवडला गेली होती, आणि स्वारगेटपासून दिवेघाटाच्या माथ्यापर्यंत एका सुरात ओरडत होती. तिला परत त्याच रस्त्याने न्यायचं?

कुणीतरी नदी सुचवली. त्यावर आई एकदम बोलली, "नदीत नाही हं." १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. आज तारीखही तीच, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आई तेव्हा चौदा वर्षांची, नारायण पेठेत. पाणी ओसरल्यावर गल्लीत काय काय पडलं होतं ते ती एरवी सांगत नाही. आज एवढंच म्हणाली, "गाईम्हशी, कुत्री, मांजरं, सगळं एकाच चिखलात. तो वास मी विसरले नाहीये."

मग तिचा दुसरा प्रश्न. डॉक्टर परवा म्हणाले होते, फार त्रास व्हायला लागला तर इंजेक्शन देऊ, पण मग खोल पुरावं लागेल. उथळ राहिलं आणि कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर ते औषध त्यांनाही मारू शकतं. आईच्या डोक्यात वेगळंच. "इंजेक्शन म्हणजे मारणंच झालं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं." मी म्हटलं, तोळा लाखाच्या वर गेलाय आई. "मग छोटं करू," म्हणाली. थट्टा करत होती की नाही, मला खरंच कळलं नाही.

रायगडावर वाघ्या कुत्र्याची समाधी आहे, तिच्यावरून भांडणं तरी होतात. मांजरासाठी भांडायला कोण येणार.

१३ जुलै, रविवार

खरं तर जागा पहिल्यापासून एकच होती, आपलं आवार. पण आवारच राहणार नाहीये. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची, मग जेसीबी, मग दोन मजली पार्किंग जमिनीच्या पोटात. पिठीला आज पुरलं तर जानेवारीत डंपरमध्ये जाईल, कुठल्या तरी खड्ड्याची भर म्हणून.

दोन वर्षं मीटिंगा चालल्या. कॉर्पस किती, भाडं किती, कार्पेट किती टक्के जास्त, यात माझे कान होते. नकाशा मात्र मी कधी उलगडून पाहिला नव्हता. आज दुपारी जेवणाच्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. आवारातल्या झाडांना मागे नंबर टाकून गेले होते, ते सगळे नंबर नकाशात आहेत. काही गोल लाल, म्हणजे जाणार. काही हिरवे. पंपघराच्या मागची बकुळ, क्रमांक ७, हिरवी. म्हणजे टेकडीवर मी त्या आजोबांना खोटं बोलले ते अगदीच खोटं नव्हतं. पण बेसमेंटची तुटक रेघ कुठून जाते ते मला समजेना.

समजेल असा माणूस एकच, आमचे सेक्रेटरी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, नकाशे त्यांच्या बोटांवर. अडचण अशी, की पिठीमुळे आमचं सात वर्षं बोलणं नाही. पंपघराच्या दारावर त्यांच्या अक्षरातली पाटी अजून आहे: "आवारात मांजरांना खाऊ घालू नये. ती उपाशी नाहीत."

तरी गेले. नकाशा पुढे केला आणि विचारलं, "काका, बकुळीच्या बाजूला खोदणार आहेत का?" कशासाठी हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना जिन्यातली बातमी कळली असणारच. चष्मा बदलून पट्टी लावली. "बेसमेंटची लाइन खोडापासून बारा फुटांवर थांबते. खोड आणि कंपाउंडच्या भिंतीमधली पट्टी तशीच राहील." मग खाली येऊन टेपने मोजून दाखवलं. भिंतीपासून चार फूट. पाऊस पडत होता, टेपचं दुसरं टोक धरून मी चिखलात उकिडवी बसले होते.

१५ जुलै, मंगळवार

काल पहाटे गेली. इंजेक्शनची वेळ आली नाही. आई पाचला उठते, तिने मशीनवर हात ठेवला आणि मला हाक मारली. नावाने नाही, नुसतं "अगं."

पंधरा वर्षांपूर्वी ती गिरणीच्या मागे सापडली तेव्हा पांढरीशुभ्र होती. गिरणीवाला म्हणाला, "घेऊन जा ताई, एखाद्या दिवशी पट्ट्यात सापडेल." घरी आणून ओल्या फडक्याने पुसली तेव्हा कळलं, मांजर करडं आहे. काल पुन्हा तसंच ओल्या फडक्याने पुसलं. कानामागे, जिथे तिची स्वतःची जीभ गेले महिनाभर पोचत नव्हती, तिथे केस चिकटून गाठी झाल्या होत्या. त्या कात्रीने कापल्या. प्लास्टिकची घंटीवाली पट्टी काढली. आईच्या जुन्या सुती साडीचा पदर.

वॉचमनमामांनी पहारीने खणलं. आधी काळी माती, मग बिल्डिंग बांधतानाच्या विटांचे तुकडे, मग मुरूम. मुळं लागली तिथे पहार ठेवून हातांनी उकरलं. साडेतीन फूट झाल्यावर काका वरून म्हणाले, "पुरे." आई खडेमिठाची दोन किलोची पिशवी घेऊन उभी. वाण्याने तिला विचारलं होतं म्हणे, पावसाळ्यात कसलं लोणचं घालताय आजी? काका म्हणाले, "मीठ नको, बकुळ जळेल. खोली आहे ती पुरेशी आहे." आईने ऐकलं, पण चिमूटभर टाकलंच. अर्धी माती लोटल्यावर मामांनी नळाजवळची कपडे धुवायची फुटकी फरशी आडवी घातली, कुत्र्यांसाठी. मग उरलेली माती.

संध्याकाळी काकांनी नकाशाची त्यांची प्रत आणली. बकुळीशेजारी पेन्सिलीने लहानसा चौकोन काढला होता.

"बिल्डरच्या माणसाने विचारलं तर काय सांगायचं?" मी म्हटलं.

त्यांनी चौकोनाशेजारी पाटीवरच्या त्याच अक्षरात लिहिलं: "जुनी लाइन. खोदू नये."